निगेटिव्ह आले म्हणून हिरमुसू नकोस

प्रिय पोरी,

वाघोलीच्या लेबर कॅम्पातल्या तीन लेकरांचं गोवराच्या संशयावरून रक्त घेतलंस, आयांचे बोल खाल्लेस आणि तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. 'उगाच सुया टोचल्या' म्हणताना परवा फोनवर तुझा आवाज अगदी पडला होता. म्हणून लिहायला बसले.

उगाच नाही ग. ताप-पुरळ आहे, तपासणी झाली, आणि गोवर नाही, रुबेलाही नाही असं ठरलं, असे रुग्ण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला निदान 2 तरी सापडायलाच हवेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. वर्षभर एकही नमुना न पाठवणाऱ्या भागात गोवर नाही, असं मी कधी मानलं नाही. तिथे कोणी बघत नाही, एवढंच समजायचे.

नुसत्या नजरेवर जाऊ नकोस. मी गेले होते. एका उन्हाळ्यात वीटभट्टीवर एका मुलीच्या अंगावर बारीक पुरळ दिसलं. घामोळं असेल म्हणून पुढे गेले. ताप होता का, हे विचारलंच नाही. दहा-बारा दिवसांनी त्याच रांगेतल्या चार झोपड्यांत पोरं तापाने फणफणलेली, डोळे लाल, नाकं वाहतायत. गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासून पसरतो. मी पोचले तेव्हाच उशीर झाला होता, तरी त्या दिवशी नमुना गेला असता तर बाकीच्यांना लस आधी मिळाली असती. ती रांग अजून डोळ्यांपुढे येते.

कॅम्पात 'गोवर' शब्द चालत नाही. 'खसरा' विचार, 'माता निकली है क्या' विचार. दाराला कडुलिंबाची डहाळी दिसली की थांबायचं, चप्पल काढून आत जायचं, आजीशी आधी बोलायचं. पुरळाचं पोर सापडलं की 'अ' जीवनसत्त्वाचा डोस आज आणि उद्या, दोन्ही दिवस. दुसरा डोस फार राहतो बघ, कारण उद्या कोणी जात नाही.

गोवर-रुबेलाची ही लस आपल्या पुण्यात, हडपसरात बनते आणि जगभर जाते. त्याच शहराच्या कडेचं पोर तिच्याविना राहतं, याचं मला फार वाईट वाटतं. एकच बाळ आलं तरी अनेक डोसांची कुपी उघड, वेळ लिही, चार तासांनी उरलेली टाकून दे. 'दहा जमू देत' म्हणून परत पाठवलेली आई पुन्हा येत नाही. तोवर साइट बदललेली असते.

त्या तीन आयांना रिपोर्ट सांगितलास का? स्वतः जा. जाताना लसीकरणाची कार्डं बघ. पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. राहिलं असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो, दोन डोसांत महिन्याचं अंतर ठेवून. कार्ड गावी राहिलंय म्हणाल्या तर 'घेतली असेल' असं धरू नकोस, नवं कार्ड कर.

तुझी,
ताई