मायव्हानचं घर तापतं का?

प्रश्न : जळगावात परवडणाऱ्या घरांच्या योजनेत सातव्या, म्हणजे अगदी वरच्या मजल्यावरचा वन बीएचके पाहिला. बेडरूम पश्चिमेला. सेल्सवाला म्हणतो, "मायव्हान टेक्नॉलॉजी आहे, केंद्र सरकारने टेस्ट केलेली, घर गार राहतं." खरं का? यजमानांना बुकिंगची घाई झालीये. आणि या भिंतींना खिळा ठोकता येतो का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : यजमानांना म्हणावं, जरा दम धरा!

सेल्सवाला मायव्हान आणि केंद्राचा लाइट हाऊस प्रकल्प या दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतोय. नव्या बांधकाम पद्धती आजमावायच्या या प्रकल्पात सहा शहरांत सहा पद्धतींनी साधारण हजार-हजार घरं बांधायला घेतली. १ जानेवारी २०२१ला पायाभरणी झाली. इंदूरला थरांचे तयार सँडविच पॅनल, चेन्नईला प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेले काँक्रीटचे सुटे भाग, रांचीला तर अख्ख्या खोल्याच कारखान्यात ओतायच्या. राजकोटच्या ११४४ घरांना टनेल फॉर्मवर्क, म्हणजे भिंती आणि स्लॅब जागेवरच एकत्र ओतायचे. तुमचं मायव्हान याचंच भावंड, साचा तेवढा ॲल्युमिनियमचा. या पद्धतीने काम झपाट्याने उरकतं, इमारत भूकंपाला दणकट होते, प्लास्टरचा खर्च वाचतो. पण गारव्याचं काय? साचा कुठलाही असो, हाती उरतं ते काँक्रीटच.

भिंत किती उष्णता आत सोडते, ते यू-व्हॅल्यूवरून कळतं. आकडा जितका लहान तितकं बरं. १५० मिलिमीटरच्या नुसत्या काँक्रीट भिंतीचा आकडा साडेतीनच्या पुढे जातो, २३०च्या विटेच्या भिंतीचा दोनच्या आसपास, आणि २००च्या एएसी ब्लॉकचा, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या हलक्या काँक्रीट ब्लॉकचा, एकाच्याही खाली. शिवाय काँक्रीट दुपारभर ऊन पिऊन रात्री ते खोलीत सोडतं. मे महिन्यात अशाच एखाद्या राहत्या इमारतीत रात्री दहाला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. सॅम्पल फ्लॅटच्या एसीत हे कळायचं नाही.

म्हणून 'टेक्नॉलॉजी कुठली' हे विचारत बसू नका. 'आरईटीव्ही किती' ते विचारा. भिंती-खिडक्यांमधून दर चौरस मीटरला सरासरी किती वॅट उष्णता आत येते, त्याचा हा हिशेब. इको निवास संहिता २०१८, म्हणजे केंद्राची घरांसाठीची ऊर्जाबचत संहिता, म्हणते, तो १५च्या आत हवा. छताचा यू-व्हॅल्यू १.२च्या आत. तुम्ही वरच्या मजल्यावर, तेव्हा छताचा आकडा तुमच्यासाठी जास्त मोलाचा. बिल्डरच्या आर्किटेक्टला हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

स्वस्त घर गार करता येतच नाही, असंही नाही. राजकोटलाच 'स्मार्ट घर ३' ही पंतप्रधान आवास योजनेतली वसाहत आहे, भारत-स्वित्झर्लंडच्या 'बीप' या इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमाच्या मदतीने आखलेली. बाहेरच्या भिंतींना एएसी ब्लॉक, खिडक्यांना काच कमी आणि झडपा पुरत्या उघडणाऱ्या, शिवाय इमारतीच्या शाफ्टमधून हवा खेचायची सोय. यातलं डोळे दिपवणारं काहीच नाही, पण मला लाइट हाऊसपेक्षा हेच जास्त पटतं.

घर आवडलंच असेल तर गच्चीवर स्लॅबच्या वर इन्सुलेशन आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे, पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा, हे करारात लिहून घ्या. भिंतीचं इन्सुलेशन बाहेरून हवं. ताबा घेतल्यावर एकट्या फ्लॅटसाठी ते जमणं कठीण. आणि या इमारतीत भिंतीच वजन पेलतात. पुढे किचन मोठं करू, खिडकी सरकवू, असे बेत आत्ताच सोडा. एसीच्या पाइपचं भोकसुद्धा ओतण्याआधीच ठेवून घ्यायचं.

खिळ्याचं म्हणाल तर तो वाकेल, भिंत नाही. हॅमर ड्रिल आणि रावळप्लग लागेल. वायरिंगचे पाइप काँक्रीटमध्येच गाडलेले असतात, तेव्हा स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका आणि ताबा घेताना त्या लाइनींचा नकाशा मागून घ्या.