तीन नंबरचा मुलगा

खेळात करिअर करायचं म्हणणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येत नाहीत, आणली जातात. बहुतेक वेळा खेळ क्रिकेट असतो, कधीमधी फुटबॉल. परळहून आलेल्या या कुटुंबाने रग्बीचं नाव काढलं तेव्हा मीही जरा सावरून बसले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा १७ वर्षांचा, बारावीत, वजन १०८ किलो. वडील बसचालक, आई पोळीभाजीच्या ऑर्डरी घेते. मुलाचा हट्ट असा, की यंदा परीक्षा द्यायची नाही, वर्षभर नुसती तयारी करायची आणि मग परदेशात जाऊन 'प्रॉप' या पुढच्या रांगेतल्या जागी व्यावसायिक रग्बी खेळायचं. वडिलांचा प्रश्न एका ओळीचा होता. "ज्या खेळाचं नाव शेजाऱ्याला माहीत नाही मॅडम, त्यात पोट कसं भरायचं?" आईची काळजी निराळी. तिच्या माहेरी मधुमेह पिढीजात. "रोज आठ अंडी खातो. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, ह्याचा कोच म्हणतो वाढव. मी कोणाचं ऐकू?"

मी ठरलेली वाट धरली. आधी पदवी, हाताशी काहीतरी असू दे, वगैरे. मुलगा मान डोलावत राहिला. १७ वर्षांचा मुलगा इतका समजूतदारपणे मान डोलावतो तेव्हा त्याचे कान कधीच मिटलेले असतात. इतकी वर्षं हे काम करूनही ही गोष्ट मला ऐन वेळी आठवत नाही.

शेवटी म्हटलं, प्रॉप करतो काय ते तरी दाखव.

त्याने माझ्या टेबलावरचे कप, स्टेपलर, पेपरवेट सगळं मांडलं. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांनी वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटायचं, आठ विरुद्ध आठ. पुढच्या रांगेत तिघे, मधला हूकर आणि त्याच्या दोन बाजूंना प्रॉप. एक नंबरचा लूजहेड, त्याचं डोकं बाहेरच्या बाजूने मोकळं असतं. तीन नंबरच्या टाइटहेडचं डोकं मात्र समोरच्या दोघांच्या मधे जातं, त्यामुळे दाब दोन्ही खांद्यांवर. "मी तीन नंबर. मागून आपल्याच पोरांचा रेटा, पुढून त्यांचा. मी ढिला पडलो तर सगळे गेले."

"म्हणजे टेकूच की," वडील म्हणाले. आणि मग बराच वेळ गप्प.

बोलले ते वेगळंच. तरुणपणी ते गोविंदा पथकात खालच्या थराला असायचे. एका वर्षी थर कोसळला, तेव्हापासून उजवा खांदा पावसाळ्यात धरतो. आजही बसचं स्टिअरिंग वळवताना कळ येते. "फोटो वरच्या पोराचा येतो मॅडम. खालच्याचा खांदा घरच्यांनाच माहीत." पैशाचा प्रश्न खोटा नव्हता, पण त्याच्या आड हा खांदा होता, आणि मुलाने तो आजवर ऐकलेला नव्हता.

नंतर मुलाशी एकट्याने बोलले. शाळेत 'जाड्या', 'टेम्पो'. कबड्डीत शेवटी उरला म्हणून घ्यायचे. मित्रासोबत एकदा आझाद मैदानाच्या बाजूला रग्बीचा सराव बघायला गेला, तर कोचने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस होतास कुठे?" हे सांगताना त्याचा आवाज फाटला. त्याच्या वजनाकडे बघून आनंद झालेला तो पहिला माणूस. आणि घरात आम्ही मोठी माणसं त्याला हेच वजन कमी कर आणि हा खेळ सोड म्हणत होतो.

म्हणून खोटी आशा लावायची नाही, हेही मला तितकंच जपावं लागलं. पुढच्या भेटीत तिघांना समोर बसवून सांगितलं. आपल्याकडे रग्बीत पैसा आला तो जून २०२५ मध्ये, अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेल्या रग्बी प्रीमियर लीगने. पण ते सात-सात जणांचं रग्बी. तिथेही प्रॉप असतो, पण स्क्रम तिघांचाच, आणि बाकी सगळा वेळ धावायचं. १०८ किलोला ते झेपत नाही. पंधरा जणांच्या खेळात वजनदार प्रॉपला पगार देणारे क्लब आहेत ते इंग्लंड, फ्रान्स, जपान अशा देशांत, आणि तिथे घरचीच पोरं रांगेत उभी असतात. रस्ता बंद नाही, पण फार अरुंद आहे.

मुलाचा चेहरा पडला. मग त्याच्या बाजूची गोष्ट सांगितली. प्रॉप उशिरा पिकतो. मानेची ताकद आणि स्क्रममधली चलाखी यायला वर्षं जातात, तिशीतले प्रॉप ऐन भरात असतात. इंग्लंडचा जेसन लेनर्ड सुरुवातीला सुतारकाम करायचा, कारण १९९५ पर्यंत रग्बी युनियनमध्ये, म्हणजे या पंधरा जणांच्या रग्बीत, अधिकृतपणे पैसाच नव्हता. १९९२ मध्ये त्याच्या मानेची शस्त्रक्रिया झाली, तरी देशासाठी तो ११४ सामने खेळला आणि २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. एवढा अवकाश असलेल्या जागेसाठी बारावीचा बळी कशाला?

त्याच संघातला हूकर होता स्टीव्ह थॉम्पसन. त्याला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्याने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं. हे सांगावं की नाही यावर मी रात्रभर विचार केला होता. आईसमोर सांगणं क्रूर वाटत होतं, पण लपवून ठेवलं असतं तर मुलाने ते मोबाइलवर एकट्याने वाचलं असतं.

आईने डोळे पुसले आणि लगेच कामाचं विचारलं, "मग सांभाळायचं कसं?" तिथून गाडी रुळावर आली. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी मैदानाबाहेर, 'मी ठीक आहे' हे मुलाचं म्हणणं मोजायचं नाही. कोचला भेटून मानेचे व्यायाम कोण शिकवतं ते विचारायचं. दर सहा महिन्यांनी रक्तातली साखर, आणि वजनाचं काय करायचं ते डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि कोच यांनी मिळून ठरवायचं, घरच्या ताटावरून भांडण बंद. बारावी मात्र द्यायची. मुलाने एक अट घातली, पप्पांनी एकदा सामना बघायला यायचं.

परीक्षा झाली, ६१ टक्के मिळाले. ऑगस्टमध्ये एका रविवारी रात्री वडिलांचा फोन आला. दिवसभर चिखलात छत्री धरून उभे होते, खांदा दुखत होता, आणि रागावलेले होते.

"मॅडम, तो तीन नंबरला एवढा उभा होता, एक पाऊल मागे नाही. तरी दुसऱ्या हाफात बाहेर का काढला हो त्याला?"