‘टर्न मारला’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

प्रश्न (सातारा) : ताई, गेल्या महिन्यात रात्री गाडी चालवताना अचानक कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवायला स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी डिव्हायडरला घासली. इन्शुरन्सच्या फॉर्मवर मी लिहिलं ‘आय टुक टर्न अँड हिट डिव्हायडर’. तिकडून उलट विचारणा आली की त्या जागी टर्न कुठंय, रस्ता तर सरळ आहे! मुलगा म्हणतो ‘स्वर्व्ह’ लिहा, शेजारचे सर म्हणतात ‘व्हिअर’ लिहा. कोणाचं ऐकू?

उत्तर : मुलाचं ऐका. आणि कुत्रं वाचलं का ते लिहिलंच नाहीत तुम्ही, असो.

आपण मराठीत ‘टर्न मारला’ म्हणून मोकळे होतो, कोपऱ्यावर वळलो तरी टर्न, कुत्र्याला चुकवलं तरी टर्न. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ‘टुक अ टर्न’ म्हटलं की डोळ्यासमोर चौक किंवा फाटा येतो, म्हणजे जिथे वळायला रस्ता आहे अशी जागा, म्हणून त्यांनी विचारलं टर्न कुठंय. स्वर्व्ह म्हणजे सरळ जाता जाता गाडी झटकन बाजूला घेणं, बहुतेक वेळा कशाला तरी चुकवायला. व्हिअर म्हणजेही दिशा बदलणंच, पण ‘द कार व्हिअर्ड ऑफ द रोड’ असं वाचलं की वाटतं गाडी भरकटली, रस्ता सोडून गेली, ड्रायव्हर बहुतेक पेंगला असावा. म्हणजे सरांचा शब्द तसा चूक नाही पण तुमच्या केसमध्ये तो तुमच्याच अंगावर येईल बघा. साधं लिहा, ‘आय स्वर्व्ह्ड टू अव्हॉइड अ डॉग अँड हिट द डिव्हायडर’. बस.

आणि गाडी उलटली नाही हे नशीब, नाहीतर आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात तुमची ‘टर्न्ड टर्टल’ झाली असती. हा शब्द आपले पेपर ट्रक-टेम्पोला रोज वापरतात, पण तो मूळचा खलाशांचा, कासवं पकडली की ती पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना पाठीवर उताणं टाकायचे, त्यावरून.

प्रश्न (सध्या न्यू जर्सी) : लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेय. जावयांच्या गाडीतलं जीपीएस सारखं ‘बेअर राइट’ म्हणतं, मला पहिल्यांदा अस्वलच आठवलं. आणि मी ‘टेक लेफ्ट फ्रॉम द सिग्नल’ म्हटलं की नातू हसतो. शिवाय इथे डावीकडे जायचं असलं तरी जावई गाडी उजवीकडे का घालतात?

उत्तर : काकू, अस्वल नाही हो! स्पेलिंग आणि उच्चार तोच, पण हे बेअर म्हणजे कल घेणं. जिथे रस्ता इंग्रजी वाय सारखा फुटतो तिथे काटकोनात वळायचं नसतं, नुसतं एका अंगाला सरकायचं असतं. आपल्याकडे गावात पत्ता सांगताना म्हणतात ना, ‘पुढे फाटा लागेल, तिथं उजवी धरून चला’, ते उजवी धरणं म्हणजे बेअर राइट. गूगल मॅप्सवाली बाई त्यालाच ‘कीप राइट’ नाहीतर ‘स्लाइट राइट’ म्हणते.

नातू हसतो तो ‘फ्रॉम’ला हसत असणार. आपण मनात ‘सिग्नलवरून लेफ्ट’ म्हणतो आणि ते ‘वरून’ तसंच्या तसं इंग्रजीत उतरतं, तिथे ‘ॲट’ हवं. अमेरिकन माणूस ‘मेक अ लेफ्ट ॲट द लाइट’ म्हणतो, तरुण पोरं ‘हँग अ लेफ्ट’ पण म्हणतात, ब्रिटिश ‘टेक अ लेफ्ट’ म्हणतील. यू-टर्नचं तसंच, अमेरिकन तो ‘मेक’ करतात, ब्रिटिश ‘डू’ करतात आणि आपण ‘घेतो’. तुम्ही आपलं ‘टर्न लेफ्ट’ म्हणा, कुठेच कोणी हसणार नाही.

यू-टर्नवरून आठवलं. आपल्या चॅनलवर रोज कुणीतरी पुढारी यू-टर्न घेतोच, पण त्या शब्दावरची सगळ्यात भारी कोटी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची, 1980 साली ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात. धोरण बदला म्हणून ओरड चालली होती तेव्हा बाई म्हणाल्या, ‘यू टर्न इफ यू वॉन्ट टू, द लेडीज नॉट फॉर टर्निंग’. पहिले दोन शब्द कानाने ऐका, तिथेच गंमत आहे.

आता उजवीकडे का घालतात. न्यू जर्सीत बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर डावीकडच्या लेनमधून थेट डावीकडे वळायला बंदी असते. उजवीकडून बाहेर पडायचं, छोट्या वळणरस्त्याने आडव्या रस्त्याला लागायचं आणि मग सिग्नलला सरळ ओलांडून पलीकडे जायचं. त्या वळणाचा आकार पाण्याच्या जगच्या कानासारखा, म्हणून नाव जगहँडल. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे डावीकडे वळायला समोरून येणाऱ्या गाड्यांसमोर मधेच कोणी ताटकळत उभं राहू नये म्हणून ही सोय. त्याच भागात अरुंद गल्लीत पुढे-मागे करून गाडी फिरवली की त्याला ‘के-टर्न’ म्हणतात, ब्रिटिश आणि आपले ड्रायव्हिंग स्कूलवाले ‘थ्री-पॉइंट टर्न’ म्हणतात.

प्रश्न (ठाणे) : ‘चेंज टॅक’ बरोबर की ‘चेंज टॅक्ट’?

उत्तर : टॅक. शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, तिरकं तिरकं नागमोडी जातं, त्यातला एकेक तिरका टप्पा म्हणजे टॅक, म्हणून ‘चेंज टॅक’ म्हणजे एका मार्गाने जमेना तेव्हा दुसरा धरणं. टॅक्ट म्हणजे माणसं सांभाळून घेणं, ते बदलू नका.

प्रश्न (रत्नागिरी, इयत्ता नववी) : टायटॅनिकला हिमनग दिसला तेव्हा ऑर्डर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ होती असं वाचलं. स्टारबोर्ड म्हणजे उजवी, मग जहाज डावीकडे कसं वळलं? वाचलेलं चुकलंय का?

उत्तर : अजिबात नाही, आणि इतकं नीट वाचतोस/वाचतेस याचा आनंद झाला. तुमच्याकडे बंदरात जुनी होडी बघ, मागे सुकाणूला आडवा दांडा असतो. दांडा उजवीकडे ढकलला की सुकाणूचं पातं डावीकडे जातं आणि होडीचं तोंडही डावीकडे वळतं. जुन्या काळी ऑर्डर द्यायची ती दांड्याला, जहाजाला नाही! पुढे चाकं आली, दांडा गेला, पण ऑर्डरची भाषा तीच राहिली. 14 एप्रिल 1912 च्या रात्री मर्डॉक या ऑफिसरने स्टारबोर्ड म्हटलं, सुकाणूवरच्या हिचन्सने बरोबर तेच केलं, जहाज डावीकडे वळू लागलं आणि हिमनग उजव्या अंगाला घासला. ब्रिटिश जहाजांवर ही उलटी पद्धत 1933 मध्ये बंद झाली.

स्टारबोर्डमध्ये स्टार म्हणजे तारा नाहीये बरं का, ते ‘स्टीअर’ आहे, पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असायचं. डावीला आधी ‘लारबोर्ड’ म्हणत, पण वादळात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखंच ऐकू येणार, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये ‘पोर्ट’ करून टाकलं. मला विचाराल तर शंभर वर्षं आधीच करायला हवं होतं.

प्रश्न (पुणे, आयटी) : आम्ही मेलच्या शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितो. नवीन अमेरिकन क्लायंट गोंधळतो. चूक आहे का?

उत्तर : भारतात चालतं, काही डिक्शनऱ्यांनी भारतीय वापर म्हणून नोंदही केलीय. पण बाहेर रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या जागी परत जाणं. त्यात ‘व्हर्ट’ आहे तो लॅटिन, अर्थ वळणं, तोच डायव्हर्टमध्ये, कन्व्हर्टमध्ये. आणि हा आपल्या संस्कृतमधल्या ‘वृत्’चा सख्खा भाऊ, परिवर्तन, आवर्तन, वर्तुळ सगळी ती मंडळी. ‘रि’ म्हणजेच मागे, त्यामुळे ‘रिव्हर्ट बॅक’ लिहिणं म्हणजे मागे मागे वळणं.

तुमच्या धंद्यात तर जास्त जपा. कोड पाठवून खाली ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत आणि क्लायंटच्या इंजिनिअरने शब्दशः घेतलं तर तो तुमचा बदल काढून टाकून जुना कोड परत आणून ठेवेल, आणि तुम्ही उत्तराची वाट बघत बसाल. ‘प्लीज रिप्लाय’ लिहा.