आईचं वय ७३. खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे हात उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांचा पट्टा, पूर्ण फाटलाय. डॉक्टर 'रिव्हर्स' सांधा बसवायला सांगतात, मावशी-काका म्हणतात या वयात कशाला. साधा सांधा का चालत नाही? खर्च किती? काय करावं?

तुमच्या प्रश्नातलं 'या वयात कशाला' वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे हे वाक्य मामांचं होतं. आईचे थोरले भाऊ, साताऱ्याच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्या एका वाक्यापायी आईच्या खांद्याचे हाल झाले.

तिचा उजवा खांदा आधी रात्री दुखायचा, त्या कुशीवर झोप लागेना. मग वेणी घालता येईना. मांडणीवरचा डबा काढायचा तर डाव्या हाताने उजवं कोपर वर ढकलायची. मधुमेह आहे म्हणजे फ्रोझन शोल्डरच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मामांनी मालीशवाला आणला. तेल, शेक, दारावर दोरी अडकवून हात ओढणं, सगळं झालं. एकदा मी तिचा हात धरून वर नेला तर थेट कानापर्यंत गेला, आणि सोडला तसा धपकन खाली आला. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही, सांधाच आखडलेला असतो. इथे सांधा मोकळा होता, उचलणारी दोरीच तुटली होती. मामांसमोर हे करून दाखवलं. ते म्हणाले, "वयोमानाने व्हायचंच."

शेवटी पुण्यात एमआरआय झाला. कफमधल्या सुप्रास्पायनेटस या स्नायूचा कंडरा, म्हणजे हाडाला जोडणारी दोरी, तुटून पार आत ओढला गेलेला, स्नायूत चरबी भरलेली. असा स्नायू ओढून शिवला तरी सहसा टिकत नाही. सर्जन म्हणाले, लवकर आला असता तर शिवायचा विचार तरी करता आला असता. हे मी मामांना फोनवर शब्दशः सांगितलं.

आता तुमचं विचारणं. साध्या सांध्यात दंडाच्या हाडाला गोळा आणि खांद्याच्या फऱ्याला वाटी, म्हणजे निसर्गात असतं तसंच. पण तो गोळा वाटीत मध्यावर धरून ठेवणं हे कफचं काम. कफच नाही, तर हात उचलताना गोळा वर सरकतो, वाटीच्या एकाच कडेवर भार येतो आणि वाटी ढिली होते. म्हणून डिजॉं इथल्या पॉल ग्रामों या फ्रेंच सर्जनने १९८५ मध्ये उलटी रचना केली: गोळा फऱ्यावर, वाटी दंडावर. त्याने फिरण्याचा मध्य आत आणि खाली येतो, आणि खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलू शकतो. अमेरिकेत याला २००३ मध्ये परवानगी मिळाली. आणि मावशींना हे जरूर सांगा, की सुरुवातीला सर्जन हा सांधा सत्तरीच्या आसपासच्या रुग्णांसाठीच राखून ठेवत; तरुणांना बसवायला ते कचरत. ज्या वयाचं कारण देऊन लोक नको म्हणतात, ते या ऑपरेशनचं मूळ वय आहे.

आमच्याकडे शेवटी हेच ऑपरेशन झालं, आणि आई आता वेणी स्वतः घालते. रात्रीचं दुखणं तर सगळ्यात आधी थांबलं. पाठीमागे मात्र हात जात नाही. ब्लाउज पुढच्या हुकांचे शिवून घेतले. डाव्या खांद्याचं ऑपरेशन असेल तर संडासात धुण्याची सवय उजव्या हाताला आधीच लावा, हे कोणी आपणहून सांगत नाही. सुरुवातीचे चार-सहा आठवडे हात झोळीत असतो, आणि त्या हातावर जोर देऊन खुर्चीतून उठायचं नाही, सांधा निखळू शकतो.

खर्च शहरागणिक आणि सांध्याच्या कंपनीप्रमाणे बदलतो. पॅकेजमध्ये सांध्याची किंमत धरली आहे का, हे लेखी घ्या. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली, तो आकडा डोक्यात ठेवून जाऊ नका.

हो, एमआरआयमध्ये फाटलेलं दिसलं म्हणून प्रत्येकाला सांधा लागतो असं नाही. दुखणं सोसण्यासारखं असेल आणि हात डोक्यापर्यंत जात असेल तर आधी काही महिने नीट फिजिओथेरपी करा. डेल्टॉइडच्या व्यायामाने बऱ्याच जणांचं भागतं. डेल्टॉइडची नस निकामी असेल तर हे ऑपरेशन सहसा करत नाहीत. साखर आटोक्यात हवी, जंतुसंसर्गाचा धोका खरा आहे. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर सर्जनला आधी सांगा, साधारण तीन महिने थांबवतात.

पण हे सगळं सर्जन आणि आई यांच्यात ठरू द्या. आमच्याकडे मामांना विचारलं गेलं, मला विचारलं गेलं, आईला सगळ्यात शेवटी. ती लगेच 'करा' म्हणाली. मावशी-काकांना बाजूला ठेवून तुमच्या आईला विचारा, रात्री झोप लागते का.