दिव्याच्या शोधात पाऱ्याचा पंप विसरू नकोस

लेख चांगला सुरू केलायस, पण ‘विजेचा दिवा एडिसनने शोधला’ एवढ्यावर थांबू नकोस. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान कितीतरी आधीपासून कागद जाळून केलेल्या कार्बनच्या तारेवर धडपडत होता. अडचण हवेची होती. काचेत थोडी जरी हवा उरली, की तार जळून जायची. १८६५ मध्ये हेर्मान श्प्रेंगेल या रसायनशास्त्रज्ञाने काचेतली हवा काढून घेणारा पंप केला: बारीक नळीतून पाऱ्याचे थेंब पडतात आणि दोन थेंबांमध्ये हवा अडकून खाली ओढली जाते. मला हा पंप दिव्याइतकाच मोलाचा वाटतो! स्वान आणि एडिसन दोघांचेही दिवे १८७९ मध्ये पेटले. १८८३ मध्ये ब्रिटनमध्ये दोघांची मिळून कंपनीच झाली. कुणाचाही शोध घे, आधी काय अडलं होतं ते लिही, नाव मागाहून.