अद्ययावत, अद्यतन आणि ईटीसीतल्या फाइली

डेबियन लिनक्स ही संगणकप्रणाली अपग्रेड करताना पडद्यावर येणाऱ्या संदेशांचे मराठी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की 'कॉन्फिगरेशन फाइल (प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज जिच्यात असतात ती) अपडेट करणे' यासाठी 'अद्यावत करणे' लिहावे, 'अद्ययावत करणे' लिहावे की 'अद्यतनित करणे'.

यांपैकी 'अद्यावत' हा शब्दच नाही. परिपत्रकांत, संकेतस्थळांवर आणि 'आपली माहिती अद्यावत करा' अशा लघुसंदेशांत तो इतक्या वेळा वाचावा लागतो, की आता चूक दाखवणाऱ्यालाच लोक चमत्कारिक समजू लागले आहेत. 'अद्य' आणि 'यावत्' अशी ही दोन पदे असून दुसऱ्याचा आरंभ 'य' या व्यंजनाने होत असल्यामुळे तेथे स्वरसंधी होण्याचे काही कारण नाही; दोन्ही 'य' जागच्या जागी राहतात आणि 'अद्ययावत', म्हणजे 'आजवर', हे रूप मिळते. आपला रोजचा 'आज' हाही याच 'अद्य'चा, प्राकृतातल्या 'अज्ज'मधून आलेला वंशज आहे.

'नाककटा'चा 'नकटा' झाला तसाच येथे समाक्षरलोप, म्हणजे लागोपाठच्या सारख्या अक्षरांपैकी एकाचा लोप, झाला आहे, तेव्हा 'अद्यावत' चालवून घ्यावे, असे म्हणणारे काही भाषाभ्यासक आहेत. मला हे मुळीच पटत नाही. 'नकटा' बोलण्यातून झिजत आला. 'अद्ययावत' हा लेखी व्यवहारातला शब्द असून तो झिजावा इतका कोणी तो बोलत नाही. माझ्या मते खरा गुन्हेगार 'अद्याप' हा आहे. 'अद्य' आणि 'अपि' मिळून 'अद्याप', 'अद्य' आणि 'अवधि' मिळून 'अद्यावधि' होतो, आणि या दोन्हींत दीर्घ 'आ' रीतसर संधीने आलेला आहे. 'तो अद्याप आला नाही' हे लहानपणापासून ऐकलेल्या कानाला 'अद्या' हेच मूळ पद वाटू लागते आणि मग त्याला 'वत' जोडून 'गुणवत'सारखा काहीतरी अर्थ काढला जातो. व्युत्पत्तीच्या वहीत मी हे मत बऱ्याच वर्षांपूर्वी टिपून ठेवले आहे आणि ते बदलावेसे मला अजून वाटलेले नाही.

मात्र खरी गंमत 'अद्यतन' या शब्दात आहे. काळ दाखवणाऱ्या अव्ययांना 'तन' लागून सनातन, पुरातन, चिरंतन, अधुनातन असे शब्द तयार होतात आणि त्याच पंगतीत 'अद्यतन', म्हणजे 'आजचा', येऊन बसतो. अनादि काळापासूनचे आणि आज सकाळचे अशा दोघांनाही व्याकरणाने एकच प्रत्यय वाढला आहे. पाणिनीने तर 'अनद्यतने लङ्' असे सूत्र करून आज न घडलेल्या भूतकाळासाठी वेगळी क्रियारूपे नेमून दिली. मग 'आज' कोठून कोठपर्यंत, असा प्रश्न साहजिकच आला आणि 'काशिका' या पाणिनीच्या सूत्रांवरील टीकेत त्याची दोन उत्तरे आहेत: योग्य वेळी उठल्यापासून योग्य वेळी निजेपर्यंत, किंवा एका मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंत. रात्री एक वाजता सर्व्हर अपग्रेड करणारा माणूस पहिल्या मताप्रमाणे कोणत्याच 'आज'मध्ये बसत नाही, हे त्या माणसाचे डोळे पाहून मलाही पटलेले आहे. हा शब्द मुळातच विशेषण असल्यामुळे त्याला पुन्हा 'इत' लावून केलेले 'अद्यतनित' हे 'पुरातनित'इतकेच हास्यास्पद ठरते.

आता फाइलीकडे येऊ. डेबियनमधील पॅकेजे, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्रॅम कॉन्फिगरेशन फाइलीच्या तीन प्रती ताडून पाहतो: जुन्या पॅकेजबरोबर आलेली, सध्या ईटीसी या अशा फाइलींच्या डिरेक्टरीत असलेली आणि नव्या पॅकेजबरोबर आलेली. तुम्ही फाइलीला हात लावला नसेल तर तो मुकाट्याने नवी बसवतो. पॅकेजकर्त्यानेच काही बदलले नसेल तर तुमची तशीच ठेवतो. दोघांनीही बदल केले असतील तेव्हाच थांबून विचारतो. समजा, नोंदींच्या जुन्या फाइली सांभाळणाऱ्या लॉगरोटेट या प्रोग्रॅमच्या फाइलीत 'रोटेट ४', म्हणजे जुन्या चार ठेवा, असे होते आणि तुम्ही त्याचे १२ केले आहेत. प्रश्नाला 'वाय' म्हटले की नवी फाइल बसते, १२ चे पुन्हा ४ होतात आणि तुमची फाइल 'डीपीकेजी-ओल्ड' हे शेपूट लावून बाजूला ठेवली जाते. 'एन' म्हटले, किंवा नुसते एंटर दाबले, तर तुमचे १२ कायम राहतात आणि नवी फाइल 'डीपीकेजी-डिस्ट' या नावाने शेजारी पडून राहते. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात याच प्रतींना 'आरपीएमसेव्ह' आणि 'आरपीएमन्यू' म्हणतात, तर आर्च लिनक्समध्ये नव्या प्रतीला 'पॅकन्यू'.

'वाय' म्हणणाऱ्याची फाइल अद्यतन झाली, म्हणजे निव्वळ आजची झाली. तिचा कालपर्यंतचा इतिहास पुसला गेला. 'एन' म्हणणाऱ्याची पुरातन राहिली. 'अद्ययावत'मध्ये मात्र 'यावत्' आहे, म्हणजे मागचे सगळे धरून आजपर्यंत, आणि असे फक्त एकाच माणसाच्या फाइलीबद्दल म्हणता येईल: जो 'डी' दाबून दोन्हींमधला फरक वाचतो, आपले १२ राखून नव्या ओळी हाताने आत घेतो आणि शेजारची उरलेली प्रत मग काढून टाकतो. या दोन शब्दांना समानार्थी म्हणणाऱ्या कोशकारांनी एकदा तरी हा प्रश्न पडद्यावर पाहायला हवा होता.

तेव्हा भाषांतरकाराने त्या संदेशात तिन्ही शब्द टाळावेत, कारण तेथे डीपीकेजी काहीही अद्ययावत करीत नाही, तो केवळ निवड करायला सांगतो. 'वाय'पुढे 'पॅकेजबरोबर आलेली फाइल बसवा' आणि 'एन'पुढे 'सध्याची तुमची फाइल तशीच ठेवा' एवढे पुरे आहे. दोन्ही फाइली एकत्र करण्याचा पर्याय जे प्रोग्रॅम देतात, त्यांच्या भाषांतरात 'अद्ययावत' अवश्य वापरावे, आणि तेही दोन्ही 'य' मोजून.