बीआरसीए पॉझिटिव्ह आलंय, पुढे काय?

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, नाशिकला असते. आईला ४१व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. आईच्या जीन टेस्टमधे बीआरसीए१ (ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जीनमधला बिघाड) निघालं आणि आता माझीही पॉझिटिव्ह आलीय. काका म्हणतात लगेच दोन्ही स्तन काढून टाक, आई म्हणते लग्न होईपर्यंत कुणाला बोलू नको. काय करू?

उत्तर : अगं, तुला कॅन्सर झालेला नाहीये, हे आधी डोक्यात पक्कं बसव. धोका खरा आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही, बीआरसीए१ असलेल्या शंभरातल्या साधारण ७० जणींना वयाच्या ८०पर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होतो. पण म्हणून याच महिन्यात ऑपरेशन करायलाच हवं असं अजिबात नाही.

आत्ता तुझ्या वयाला वर्षातून एकदा ब्रेस्टचा एमआरआय, शक्यतो पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसात, आणि दर सहा-बारा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी. तिशीनंतर जोडीला दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. नुसती सोनोग्राफी नॉर्मल आली की बास असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. स्तन काढल्याने धोका ९० टक्के किंवा त्याहून जास्त कमी होतो हे काकांचं बरोबरच आहे, पण ते कधी करायचं, करायचं की नाही, हे तूच ठरवायचं, काकांनी नाही.

मला जास्त काळजी ओव्हरीची वाटते, कारण तिथे लवकर पकडेल अशी भरवशाची तपासणीच नाही. म्हणून ३५ ते ४०च्या दरम्यान, मुलं झाल्यावर, ओव्हरी आणि ट्यूब काढायचा सल्ला देतात. मग सांग, ज्याच्याशी लग्न करणार त्याला हे आधी माहीत नको का? मुलं कधी, एग फ्रीझ करायची का, हे सगळं दोघांनीच ठरवायचंय ना. आईची भीती कळते गं मला, पण लपवू नकोस.

आणि सख्खा भाऊ असेल तर त्याचीही टेस्ट करा, मामाचीही. भावात हा बिघाड असायची शक्यता निम्मी, आणि पुरुषांकडूनही ते मुलींकडे जातं, हे आपल्याकडे कुणी लक्षातच घेत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलला कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, तिथे एकदा जाऊन ये, जाताना आईचा जीन रिपोर्ट आणि मावशीचे जुने कागद नक्की ने.